कंसासकट वाच

३/४

चि. टिंब यास,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे. घरची मंडळी बरी असतील, धाकटीचा खोकला गेला असेल, असं धरून चालते. तारीख मुद्दाम आकड्यांत घातली. तुझ्या समितीने चाचणीसाठी पाठवलेला नवा आवाज तिला 'पाऊण' म्हणतो. तेव्हा हे पत्र पाऊण रोजी लिहिलं, असं समज.

हे पत्र एकट्या ताईचं नाही. कानांनी वाचणाऱ्या सगळ्यांच्या वतीने लिहिते आहे. ज्यांना पान दिसत नाही आणि म्हणून दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, त्या आम्हा सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे आणि ते यंत्राच्याही आधीचं आहे. आम्हाला वाचून दाखवणारा प्रत्येक जण आमच्या वतीने काही ना काही गाळत आला. 'हे काही महत्त्वाचं नाही.' 'हे नुसते आकडे आहेत.' 'इथे कसलीशी खूण आहे, जाऊ दे.' जाऊ दे! या दोन शब्दांत आमची अर्धी पुस्तकं गेली. माणूस दमतो म्हणून गाळतो, ते आम्ही पोटात घातलं. पण यंत्र दमत नाही. त्याची जीभ कोरडी पडत नाही, त्याला जांभई येत नाही, खेळायला जायचं नसतं. मग ते का गाळतं? कारण त्याला गाळायला तुम्ही शिकवता!

बघ, लागले सभेत बोलायला. खिडकीजवळच्या खुर्चीतून उठून आत येऊन बसले आहे. तिथे रस्त्याचा आवाज फार होता.

तुझा मसुदा मी पुन्हा पुन्हा ऐकला. यंत्राने आपल्या भाषेत आकडे आणि खुणा कशा वाचाव्यात याचा एकच नियम होणार, आणि तोच मग सगळ्या फोनांत, बँकांत, उद्वाहनांत बोलणार, हे काम छोटं नाही. चांगलं आहे ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील ताईला फक्त ओरडता येतं. '२.५ तास' याला 'दोन पूर्णांक पाच दशांश तास' न म्हणता 'अडीच तास' म्हणायचं, हे ऐकून मी एकटीच हसले. इतकी वर्षं यंत्र परक्यासारखं बोलत होतं, अडीच म्हणाल्याबरोबर घरात आल्यासारखं वाटलं. आणि एकोणसाठ, एकोणसत्तर वेगात ऐकताना घोळ होतो, तेव्हा एक कळ दाबली की 'पाच नऊ', 'सहा नऊ' असं फोडून सांगायचं, हे ज्याला सुचलं त्याच्या पाठीवर माझ्याकडून थाप मार. तूच असशील तर स्वतःच्या हाताने मार.

पण खुणांचं काय केलंस?

कंस आला की टिंग. अवतरण आलं की टुंग. तिरकी रेघ, तारका, टक्के, सगळ्यांना एकेक नाजूक घंटी. आतापर्यंत यंत्र सरळ 'कंस सुरू' म्हणायचं, 'कंस बंद' म्हणायचं. ते शब्द काढून टाकले, आणि कारण काय, तर 'श्रवणाचा ओघ खंडित होऊ नये'. ओघ! मला नदी नको आहे टिंब, मला पान हवं आहे.

तू फोनवर म्हणालास, "ताई, चाचणीत सगळ्यांना घंट्याच आवडल्या." मी विचारलं, चाचणीला कोण होतं? म्हणालास, "वेगवेगळ्या वयाची माणसं." त्यांच्यासमोर पडद्यावर मजकूर उघडा होता का? म्हणालास, "होता." अरे, उत्तर समोर लिहिलेलं असताना परीक्षा घेतलीस तर सगळे पास होणारच! डोळ्यांनी कंस बघायचा, कानाने टिंग ऐकायचं आणि म्हणायचं, वा, किती गोड. त्यांच्या कानांनी काहीच केलं नाही. सगळं डोळ्यांनी केलं आणि श्रेय कानांनी घेतलं.

तुझं म्हणणं मी सोडून देत नाही. प्रत्येक स्वल्पविराम ऐकायची हौस कोणालाच नाही, तो श्वासात जिरू दे. गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला 'अवतरण सुरू' नको असेल, तर त्याला घंटी दे. पण दे म्हणजे निवडायला दे. मसुद्यात निवड कुठे आहे? जुनी पद्धत बंद, एवढंच वाक्य आहे. शब्द हळू ऐकता येतो, पुन्हा विचारता येतो, शेजारच्याला सांगता येतो. बोटांनी वाचणाऱ्यांच्या ब्रेल पट्टीवर तो टिंबाटिंबांनी उमटतो. घंटी पट्टीवर उमटत नाही. ज्यांचे डोळे आणि कान दोन्ही गेलेत, त्यांच्या पानातले कंस कुठे जाणार? त्यांनी काय करायचं, टेबलाला हात लावून थरथर मोजायची?

आणि एक सहज विचारते. त्या घंट्या एवढ्या बारीक आवाजाच्या कशाला? जरा जाड नाही का करता येणार? सहज विचारलं. मुद्दा तो नाही.

गेल्या महिन्यातल्या सभेबद्दल मी लिहिणार नव्हते. समितीचा माणूस म्हणून तू व्यासपीठावर माझ्या शेजारी बसला होतास आणि मी तुला लागेल असं बोलले. तू उठून गेलास. दुसऱ्या दिवशी फोन केलास आणि विचारलंस, "मुद्दाम बोललीस?" मी हो म्हणाले. तू म्हणालास, "वाटलंच. तू चुकून शिंकतसुद्धा नाहीस." बोलले ते बोलले. त्यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही.

हे पत्र नव्या इअरफोनवर ऐकून तपासलं. जुना बिघडला होता. त्याच्या आधीचाही बिघडला होता. हल्ली वस्तूंचा काही भरवसा उरला नाही.

तुझी ताई,
कार्यवाह, कानवाचक संघ


१२/४

प्रिय टिंब,

आजच्या तारखेला तुझं यंत्र 'बारा छेद चार' म्हणालं. प्रगती आहे.

तुझं उत्तर मिळालं. 'आपली सूचना समितीने नोंदवून घेतली असून तिचा यथावकाश विचार करण्यात येईल.' आपली! ज्या पोराचं नाक मी माझ्या पदराने पुसलं, तो मला आपली म्हणतो! संघाच्या कचेरीत हे पत्र मी खजिनदारांना ऐकवत होते. ते माझ्यासारखेच कानवाचक, वयाने माझ्याहून बरेच मोठे, कोणाची टिंगल करायची संधी सोडत नाहीत. "यथावकाश म्हणजे आपण मेल्यावर," असं म्हणून हसत होते. तेवढ्यात यंत्र पुढे वाचू लागलं, 'ताई, जेवतेस ना वेळेवर?' मला वाटलं, चुकून दुसरंच पत्र सुरू झालं.

खजिनदार म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ बेरकी आहे हो. सरकारी पत्रात हळूच कंस टाकलाय."

"कंस? कशावरून?"

"घंटी वाजली की. जेवणाच्या आधी एक, नंतर एक."

"पुन्हा लावा."

"वाजली."

"आता?"

"वाजली म्हणतोय ना! कानात बोळे घालून बसलात काय?"

आणि मग तेच गप्प झाले. तो माणूस गप्प झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. कचेरीत पंखा बंद होता, खिडक्या लावलेल्या होत्या. त्यांनी यंत्र माझ्या कानाशी धरलं, आवाज सगळा वाढवला. 'ताई, जेवतेस ना वेळेवर' हे शब्द एवढे मोठे आले की बाहेरच्या टंकलेखक बाई धावत आल्या. पण आजूबाजूला काही नाही. शब्द एकटेच.

तिसरा इअरफोनही चांगला आहे टिंब. तिन्ही चांगले आहेत.

पाणी पिऊन आले. दार लावलं का ते बघून आले. लावलेलं होतं.

कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबलं, परीक्षेत पहिली येणाऱ्या मुलीसारखं. मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं, पुढची तपासणी सुरू व्हायची आहे. त्यांनी दार उघडलं. ती संपली होती.

"बारीक आवाज आधी जातात," त्या म्हणाल्या. "बोलणं अजून छान ऐकू येतंय तुम्हाला."

"अजून म्हणजे?"

"ते कोणालाच सांगता येत नाही."

मी त्यांना म्हणाले, "बाई, माझ्याकडे दुसरं काही नाही." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला कोणी हातावर हात ठेवलेला चालत नाही, तुला माहीत आहे. मी तो ठेवू दिला.

आता सभेचं ऐक. तुला माझी बोलायची पद्धत ठाऊक आहे. भाषण मी लिहून काढते, एका कानात यंत्र ते वाचत असतं आणि मी एक वाक्य मागे राहून बोलत असते. लोकांना वाटतं, बाई पाठ करून येते. त्या भाषणात मी स्वतःसाठी सूचना लिहिते, कंसात. (इथे थांब.) (इथे आवाज चढव.) (खजिनदारांच्या शेऱ्यावर हसू नकोस, मग ते थांबतच नाहीत.) यंत्र 'कंस सुरू' म्हणालं की माझी जीभ आपोआप थांबते, 'कंस बंद' म्हणालं की चालू लागते. लहानपणापासूनची सवय आहे ती, आणि ती लावणारा तूच. तू मला पुस्तकं वाचून दाखवायचास, खुणांसकट, टिंब म्हणून ओरडायचास प्रत्येक वाक्याच्या शेवटी, म्हणून तर तुझं नाव पडलं. बाहेर तुझे मित्र चेंडू घेऊन हाका मारायचे आणि तू घाईघाईत म्हणायचास, "कंस सुरू, आकृती पाहा, कंस बंद, ताई, आकृती मी नंतर दाखवतो." आकृती मला कशी दाखवणार होतास रे? पण नंतर खरंच माझं बोट धरून ताटलीत पीठ पसरून काढायचास.

त्या सभेला मी तुझा चाचणीचा आवाज वापरला. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, ते वापरून बोलायचं, हे माझं तत्त्व. तत्त्व मला नडलं. भाषणात एका जागी मी स्वतःला लिहिलं होतं:

(इथे टिंबाकडे तोंड करू नकोस. त्याला ही खुर्ची तुझ्या आंधळेपणामुळे मिळाली, आणि ते त्याला ठाऊक आहे. त्याने आपले खेळ सोडून तुझी पुस्तकं वाचली, त्याचं हे उशिरा आलेलं फळ आहे. त्याला भर सभेत लाजवू नकोस.)

घंटी वाजली असणार. मला ती ऐकू आली नाही. मी बोलत गेले. 'इथे टिंबाकडे तोंड करू नकोस' म्हणाले, 'ही खुर्ची तुझ्या आंधळेपणामुळे मिळाली' म्हणाले, 'ते त्याला ठाऊक आहे' म्हणाले, आणि तिथे मला कळलं की मी काय बोलते आहे. मी थांबले. पुढची दोन वाक्यं कानात आली आणि तोंडातून बाहेर पडली नाहीत. सभेला वाटलं, बाई स्वतःशी बोलायचं नाटक करून भावाला झोडपते आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत तुझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तो जाड होता. तो मला बरोबर ऐकू आला.

तू विचारलंस, मुद्दाम? मी हो म्हणाले. चुकून म्हणाले असते, तर तुझा पुढचा प्रश्न ठरलेला होता, "घंटी ऐकली नाहीस का?" मी ते टाळलं. तू दुखावलेला राहिलास तरी मला चालत होतं, पण 'ताईला ऐकू येत नाही' हे वाक्य जगात कोणाच्या तोंडी यायला नको होतं. संघात माझा कान गाजलेला आहे. माझं यंत्र ज्या वेगाने बोलतं, ते शेजारच्याला पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं आणि मला त्यातला शब्द न् शब्द लागतो. नवी मुलं माझ्या शेजारी बसून विचारतात, "बाई, हे तुम्हाला कळतंय?" मी म्हणते, "तुलाही कळेल." त्या मुलांना आता काय सांगू?

डोळे नव्हतेच, त्यांचं कधी दुःख केलं नाही. नसलेली गोष्ट जात नाही. ही असलेली आहे आणि जाते आहे.

कालपासून मी बोटं पुन्हा शाळेत घातली आहेत. टिंबांची लिपी मी केव्हाची सोडून दिली होती, कानाने भराभर होतंय तर बोटं कोण झिजवणार, अशी मिजास होती. आता एका ओळीला इतका वेळ लागतो की खजिनदार विचारतात, "ओळ वाचताय की जात्यावर दळताय?" गप्प होते तेच बरे होते. पण पट्टीवर जुन्या आवृत्तीतून 'कंस सुरू' हे शब्द बोटाखाली आले, तेव्हा मी हात उचलला नाही. पुन्हा त्याच शब्दांवरून फिरवला.

आता ऐक. मागच्या पत्रात जे जे लिहिलं, त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. ते खरं आहे आणि माझ्या कानाच्या आधीही खरं होतं. फक्त मी ते तत्त्व म्हणून लिहिलं आणि स्वतःला त्यातून वगळलं. तुझा ओघ, तुझी गोड टिंगटुंग, ज्यांच्यासाठी केली त्यांच्यातली किती माणसं माझ्या वयाची आहेत? दृष्टी उतरली म्हणून यंत्राकडे वळणारा माणूस बहुधा म्हाताराच असतो, आणि म्हाताऱ्याचे बारीक आवाज आधी जातात. तुम्ही त्यांच्या पानातल्या खुणा नेमक्या तिथे नेऊन ठेवल्या आहेत, जिथे त्यांचा कान पोचत नाही. आणि ते तक्रारही करणार नाहीत टिंब. जे ऐकूच आलं नाही, त्याची तक्रार कोण करतं? मी, जिचा घसा तक्रार करण्यासाठीच बनला आहे, ती महिनाभर इअरफोन बदलत बसले.

शुक्रवारी समितीत मतदान आहे. संघातर्फे बोलायला मला वेळ दिला आहे. मी येणार आहे, तुझ्या शेजारी बसणार आहे, पण बोलणार नाही. भाषण मी उत्तम केलं असतं. सगळे हलले असते आणि मग मत घंटीलाच दिलं असतं, कारण माझ्या भाषणात मी ठणठणीत असते. खजिनदार म्हणतात, "बाई, कानाचं उघड केलंत तर लोकांना दया येईल." येऊ दे. दया ओसरायच्या आधी मतदान घ्या म्हणावं.

माझा वेळ तू घे. शुक्रवारी समितीपुढे उभा राहा, सगळ्यांना पडदे बंद करायला सांग, आणि हे पत्र मोठ्याने वाच. यंत्राने नाही, तुझ्या तोंडाने. तुझ्याबद्दल लिहिलंय तेही वाच, माझ्याबद्दल लिहिलंय तेही. काही गाळू नकोस. बाहेर कोणी चेंडू घेऊन थांबलेलं नाही. जिथे कंस येईल तिथे कंस सुरू म्हण, जिथे संपेल तिथे कंस बंद म्हण, आणि खाली सहीपर्यंत वाचत जा.

जेवते रे वेळेवर.

तुझी
(घाबरलेली)
ताई